केबलचा दर आणि गावाचा शब्द

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यात ग्रामपंचायतीच्या सभासदांपुढे चार शब्द बोलायला गेलो होतो. भाषण संपले, चहा आला, आणि खरा प्रश्न तेव्हा निघाला. कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "सर, कायदा दिल्लीला होतो, नियम मुंबईला होतात. आम्ही इथं ठराव करतो तो फायलीत जाऊन पडतो. मग गावाच्या शब्दाला वजन ते काय?"

मी राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे घटनेची कलमे, सत्तेचे विकेंद्रीकरण असे पुस्तकी उत्तर माझ्या जिभेवर तयारच होते, आणि ते मी दिले. गुरुजींनी मान डोलावली. पण त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. परतताना एस.टी.त मला एक हकीकत आठवली. ती आहे दूरच्या अमेरिकेतली, आणि विषय आहे घरोघरी येणाऱ्या केबल टेलिव्हिजनचा दर कोणी ठरवायचा हा. गुरुजींना द्यायचे राहून गेलेले उत्तर तिच्यात आहे, म्हणून ती आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम केबल तेथे आली कशी ते पाहू. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत टेलिव्हिजन सुरू झाला होता. परंतु पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ गावांत आणि ओरेगॉनसारख्या दूरच्या राज्यात चित्र नीट पोहोचत नसे. मध्ये डोंगर आला की लहरी अडतात. तेव्हा काही खटपट्या लोकांनी उंच जागी एक मोठा एरियल उभा केला आणि तेथून तार ओढून खाली घराघरांत चित्र आणून दिले. गावाने मिळून एक एरियल वापरायचा, एवढीच मूळ कल्पना. पुढे या तारेतून दूरदूरची केंद्रे, बातम्यांच्या आणि खेळांच्या स्वतंत्र वाहिन्या येऊ लागल्या, आणि त्या लहान उद्योगाचा प्रचंड धंदा झाला.

आता ही तार जाते कोठून? गावच्या रस्त्यावरून, गावच्या खांबांवरून, नाही तर गावची जमीन खणून. रस्ता गावाचा, म्हणून कंपनीला गावाची परवानगी घ्यावी लागते. या परवानगीला आपण आपल्या ओळखीच्या शब्दाने मक्ता म्हणू. मक्ता देताना नगरपालिका अटी घालू शकते. शाळांसाठी एक वाहिनी राखून ठेवा, नगरपालिकेच्या सभा लोकांना दिसतील अशी एक वाहिनी द्या, अशा त्या अटी असत. शिवाय मक्त्याबद्दल फी घेता येते. १९८४ च्या कायद्याने या फीला कंपनीच्या त्या गावातील उत्पन्नाच्या शेकडा ५ ही कमाल मर्यादा घातली.

बहुतेक गावांत अशी कंपनी एकच असे. एकदा एकाने सगळ्या गावभर तार टाकली की दुसरा कोण तेवढाच खर्च करून तीच तार पुन्हा टाकणार? गावात पिठाची गिरणी एकच असली म्हणजे काय होते, हे आपणांस सांगायला नको. गिरणीवाला भला असला तर ठीक. नसला तर तो सांगेल तो दर. म्हणून पुष्कळ गावे मक्ता देतानाच दरावरही हात ठेवीत.

येथून कथेला वळण लागते. अमेरिका हे संघराज्य आहे. रेडिओ, टेलिफोन, टेलिव्हिजन यांवर देखरेख ठेवण्यासाठी १९३४ च्या कायद्याने तेथे एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिचे नाव फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. आपण तिला नुसते आयोग म्हणू. १९८४ साली तेथील संसदेने, म्हणजे काँग्रेसने, केबलसाठी एक कायदा केला. (आपल्याकडील त्या नावाच्या पक्षाशी या काँग्रेसचा संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.) त्या कायद्याने असे ठरले की, जेथे केबलला 'परिणामकारक स्पर्धा' आहे तेथे गावाने दरात हात घालू नये. ऐकायला हे रास्तच वाटते. स्पर्धा असेल तर दर आपोआप ताळ्यावर राहील, मग नगरपालिकेची लुडबुड कशाला?

पण परिणामकारक स्पर्धा म्हणजे काय? ही व्याख्या आयोगाने केली. एरियल लावून फुकट दिसणारी तीन टेलिव्हिजन केंद्रे जर त्या भागात असतील, तर केबलला स्पर्धा आहे असे समजावे, असे आयोग म्हणाला. अमेरिकेत तीन केंद्रे कोठे नाहीत? बहुतेक सगळीकडे आहेत. परिणाम असा झाला की १९८६ च्या अखेरीपासून देशातील बहुतेक गावांच्या हातून दर निसटला. कायद्यातले एक अक्षरही न बदलता केवळ एका व्याख्येने हे घडले.

मग जे व्हायचे ते झाले. दर चढू लागले. पुढे १९९२ च्या कायद्यात काँग्रेसने आपले निष्कर्ष नमूद केले आहेत. दरावरचे नियंत्रण उठल्यापासून केबलचा सरासरी मासिक दर महागाईच्या निर्देशांकाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने वाढला, आणि शेकडा २८ ग्राहकांच्या बाबतीत तर सर्वांत स्वस्त सेवेचाच दर शेकडा ४० किंवा त्याहून अधिक चढला, असे तीत म्हटले आहे. आयोगाने १९९१ मध्ये व्याख्या थोडी कडक करून तीन केंद्रांऐवजी सहा केली. पण तोवर लोकांचा संताप वाढला होता. नगरपालिकेत तक्रार घेऊन आलेल्या माणसाला अधिकारी काय सांगणार? "बाबा, तार आमच्या रस्त्यावरून जाते खरी, पण दराचं आमच्या हातात काही नाही."

१९९२ साली काँग्रेसने नवा कायदा मंजूर केला. अध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, यांनी नकाराधिकार वापरून तो परत पाठवला. तेव्हा ५ ऑक्टोबर १९९२ रोजी दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी तो पुन्हा मंजूर केला. सीनेटमध्ये ७४ विरुद्ध २५ आणि प्रतिनिधिगृहात ३०८ विरुद्ध ११४ अशी मते पडली. बुश यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचा नकाराधिकार असा मोडून काढला गेला तो एवढा एकदाच, आणि तो केबलच्या बिलासाठी. घरातल्या मासिक खर्चाच्या प्रश्नात किती बळ असते ते यावरून दिसेल.

या कायद्याने दराचे काम दोघांत वाटून दिले. केबलच्या सेवेचे दोन संच कल्पिले. पहिला मूळ संच: त्यात जवळपासची टेलिव्हिजन केंद्रे आणि शाळांच्या, नगरपालिकेच्या व लोकांच्या वाहिन्या आल्या. गरिबाने दुसरे काही घेतले नाही तरी हा संच तो घेतो. या मूळ संचाचा आणि त्यासाठी लागणाऱ्या पेटीसारख्या उपकरणांचा दर तपासण्याचे काम गावाकडे दिले. दुसरा वरचा संच: त्यात बातम्या, खेळ आणि करमणूक यांच्या पुष्कळशा वाहिन्या आल्या. त्याचा दर तपासण्याचे काम आयोगाकडे राहिले, पण तक्रार आली तरच. ज्या वाहिन्यांचे पैसे एकेकट्या वाहिनीचे म्हणून वेगळे भरायचे, त्या या नियंत्रणाबाहेर होत्या.

पण गावाला हा अधिकार आपोआप मिळत नसे, आणि गुरुजींच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. गावाने आयोगाकडे एक छापील अर्ज भरून पाठवायचा. अर्जात सांगायचे की, आमचे नियम आयोगाच्या नियमांशी जुळते असतील; हे काम करण्याचा कायदेशीर अधिकार आणि माणसे आमच्यापाशी आहेत; आणि दर ठरवताना आम्ही संबंधितांना आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊ. आयोगाने हरकत घेतली नाही तर तीस दिवसांनी गावाला अधिकार मिळे. परिणामकारक स्पर्धा नाही, असेच त्या काळी गृहीत धरले जाई. आहे असे म्हणायचे तर ते कंपनीने सिद्ध करायचे.

पुढे कंपनीने आपला दर आणि त्याचा हिशेब ठराविक नमुन्यात गावापुढे ठेवायचा. किती वाहिन्या, किती ग्राहक, मागच्या वर्षाच्या मानाने खर्चात काय फरक पडला, सगळे आकडे. दर वाजवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. गावाने साधारण तीस दिवसांत निर्णय द्यायचा. हिशेब गुंतागुंतीचा असेल तर लेखी हुकूम काढून आणखी नव्वद दिवस, आणि कंपनीने प्रत्यक्ष खर्चाचा तपशील मांडून वेगळा दर मागितला असेल तर दीडशे दिवस घेता येत. परंतु तो हुकूम मुदतीत निघाला नाही तर कंपनीने मागितलेला दर लागू होई. दर जादा आढळला तर गाव तो कमी करी, आणि ग्राहकांना मागचे पैसे परत देण्याचा हुकूमही काढी. मात्र अशी परतफेड मागच्या एका वर्षापुरतीच.

कंपनीला निर्णय मान्य नसला तर ती आयोगाकडे अपील करी. आयोगही तेथे नवा दर आपल्या मनाने ठरवून देत नसे. गावाच्या निर्णयाला वाजवी आधार आहे काय एवढेच तो पाही, आणि नसला तर प्रकरण फेरविचारासाठी गावाकडेच परत पाठवी. म्हणजे ज्या गावाने कारणे लिहून निर्णय दिला त्याचा निर्णय टिके. नुसता "दर फार आहे" असा ठराव केला, त्याचा टिकत नसे.

यात पैसा किती गुंतलेला असतो, पाहा. समजा, एका गावात चार हजार ग्राहक आहेत आणि मूळ संचाच्या दरात महिन्याला फक्त अर्धा डॉलर जादा लावला आहे. एका घराला ते जाणवायचेही नाही. पण चार हजार घरांचे महिन्याचे दोन हजार आणि वर्षाचे चोवीस हजार डॉलर होतात. एकटा ग्राहक अर्ध्या डॉलरसाठी वकील करणार नाही. नगरपालिकेतला एखादा कारकून मात्र हिशेबाचे कागद नीट वाचून ते चोवीस हजार वाचवू शकतो.

बरे, मग सगळ्या गावांनी हा अधिकार घेतला काय? नाही. कित्येक गावांनी अर्जच केला नाही. लहान गावापाशी हिशेबनीस नसतो, वकील नसतो, आणि आयोगाचे नमुने तर असे की जाणकाराचेही डोके फिरावे. वॉशिंग्टनमध्ये बसून देशभरच्या गावांसाठी एकच तक्ता करायचा, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. १९९३ मध्ये आयोगाने स्पर्धा असलेल्या आणि नसलेल्या गावांचे दर ताडून पाहिले आणि दर सुमारे शेकडा १० उतरवावेत असे ठरवले. पण कंपन्यांनी संचांची आणि उपकरणांच्या भाड्याची फेरमांडणी केली, आणि कित्येक घरी बिल कमी होण्याऐवजी वाढून आले. पुन्हा ओरड झाली, आणि १९९४ मध्ये आयोगाने ती कपात शेकडा १७ पर्यंत नेली.

१९९६ साली वारे फिरले. नव्या कायद्याने वरच्या संचाबद्दल तक्रार करण्याची रीत बदलली. तोवर कोणीही ग्राहक थेट आयोगाकडे लिहू शके. आता तक्रार फक्त गावानेच करायची, आणि तीही दरवाढीनंतर नव्वद दिवसांच्या आत ग्राहकांच्या तक्रारी गावाकडे आल्या असतील तर. वरवर पाहता ही अडचणच झाली. पण तिच्यातून एक वेगळी गोष्ट साधत होती. ग्राहकाने आपल्या गावाच्या कचेरीत जायचे, कचेरीने तक्रारी मोजायच्या, तारखा पाहायच्या, आणि मग गावाच्या नावाने वर लिहायचे. ज्या गावाने तक्रारीची वही ठेवली त्याचा आवाज आयोगापर्यंत गेला. ज्याने ठेवली नाही, तेथील लोक घरात बसून चरफडले. तथापि हा मार्गही फार दिवस राहिला नाही. त्याच कायद्याने ३१ मार्च १९९९ पासून वरच्या संचावरचे नियंत्रण संपवले. गावाकडे उरला तो मूळ संच.

आणि त्याही बाबतीत ती जुनी व्याख्या पुन्हा पुढे आली. १९९२ च्या कायद्याप्रमाणे एक कसोटी अशी होती: गावातील निम्म्या तरी घरांना केबलखेरीज दुसरी अशीच सेवा घेण्याची सोय असेल, आणि सर्वांत मोठ्या कंपनीला सोडून इतरांकडे शेकडा १५ हून अधिक घरे गेली असतील, तर परिणामकारक स्पर्धा आहे असे मानायचे. समजा, गावात एक हजार घरे आहेत. सातशे घरी केबल आहे आणि एकशे साठ घरांनी छपरावर उपग्रहाची डिश लावली आहे. झाली स्पर्धा सिद्ध! सातशे घरांच्या दरावरचा गावाचा हात त्या एकशे साठ डिशांनी सुटला. १९९४ पासून अमेरिकेत अशा लहान डिश विकल्या जाऊ लागल्या, आणि एकेक गाव या कसोटीखाली नियंत्रणातून बाहेर पडत गेले.

अखेर २०१५ मध्ये आयोगाने गृहीतच उलटे केले. स्पर्धा आहे असेच धरून चालायचे. नाही असे ज्या गावाला वाटत असेल त्याने ते सिद्ध करायचे. पुरावा कंपनीने देण्याऐवजी गावाने द्यायचा. शिक्षकांनी या एका वाक्यावर वर्गात तास घ्यावा. अधिकार कागदावर तोच राहिला. पण सिद्ध करण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेले, आणि दुसरा खांदा अशक्त होता. लहान गावाने डिशवाल्यांचे घरोघरचे आकडे आणायचे कोठून? बहुतेक ठिकाणी गावाचा अधिकार तेथेच संपला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील काही गावे आणि हवाईतील कवाई बेट येथे तो शिल्लक होता; पण २०१९ मध्ये आयोगाने इंटरनेटवरून मिळणारी टेलिव्हिजन सेवाही स्पर्धेत मोजली, आणि तेथील दरही मोकळे झाले.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कंपन्यांचे म्हणणे असे की, माणसापाशी डिश आहे, इंटरनेट आहे, तो नाराज झाला तर आमची तार काढून टाकील. मग गावोगावी वेगवेगळे हिशेब देण्यात खर्च कशाला? वाहिन्या आम्हांला विकत घ्याव्या लागतात, त्यांचे दर चढतात, नवी तार टाकायला भांडवल लागते. यात तथ्य नाही असे नाही. पुष्कळ अमेरिकन कुटुंबांनी खरोखरच केबल सोडली आहे. पण ज्या म्हातारीला इंटरनेट चालवता येत नाही, ज्या भाडेकरूला घरमालक छपरावर डिश लावू देत नाही, तिच्या-त्याच्या दृष्टीने ही स्पर्धा कागदावरचीच. सरासरीत ती दोघे दिसत नाहीत. गावाच्या कचेरीत मात्र ती दोघे नावाने ओळखीची असतात, आणि गावाला विचारावे असे म्हणण्याचे कारण तेच आहे.

आपल्याकडे काय आहे? १९९५ मध्ये आपल्या संसदेने केबलचा कायदा केला. दराचा प्रश्न २००४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'ट्राय'कडे, आहे. दर ठरवताना ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला त्यात स्थान दिलेले नाही. योगायोग असा की, ज्या १९९२ साली अमेरिकेने गावांना केबलच्या दरात हात दिला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या संसदेने पंचायतींना घटनेत स्थान देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती मंजूर केली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. केबलचा विषय आपल्या पंचायतीकडे नसेल; पण पाणी, दिवाबत्ती, घरपट्टी, गावचे रस्ते हे विषय आहेत, आणि त्यांतही वरून नियम येतात, नमुने येतात, मुदती येतात.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो. गुरुजी, गावाच्या शब्दाला वजन असते. पण ते दिलेले वजन असते, आणि देणारा ते काढूनही घेऊ शकतो. अमेरिकेत ते १९८४ च्या कायद्यावरील व्याख्येने काढले, १९९२ मध्ये लोकांच्या रेट्याने परत मिळाले, आणि २०१५ मध्ये एका गृहीताने पुन्हा गेले. अधिकार काढून घेताना कोणी दवंडी पिटत नाही. "परिणामकारक", "आवश्यक तेथे", "पुरेसा" अशा साध्या शब्दांच्या व्याख्येत तो विरघळून जातो. म्हणून वरून कागद आला की पहिल्याने व्याख्येचे पान वाचावे, आणि सिद्ध कोणी करायचे ते पाहावे.

आणि दुसरे असे की, अधिकार हाती होता तेव्हाही तो त्याच गावांना उपयोगी पडला ज्यांनी अर्ज वेळेवर केला, हिशेब मागितला, तक्रारी लिहून ठेवल्या आणि निर्णयाला कारणे दिली. आपला ठराव फायलीत पडतो, असे आपण म्हणालात. तो ठराव एकदा काढून पाहा. त्यात आकडा आहे काय? तारीख आहे काय? कोणत्या नियमाखाली मागणी केली ते लिहिले आहे काय? नसेल, तर वरच्या साहेबाला तो बाजूला ठेवणे सोपे जाते. असेल, तर निदान बाजूला का ठेवला याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

शाळेतल्या शिक्षकांना एक सुचवतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून गावच्या एखाद्या खऱ्या आकारणीचा कागद वाचून घ्यावा. पाणीपट्टीचा चालेल. ती कोणी ठरवली, कोणत्या आकड्यांवरून, हरकत घ्यायची मुदत किती, हे मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. एक तास जाईल, फार तर दोन. पण पुढे ग्रामसभेत बसल्यावर हिशेबाचा कागद मागायला ती मुले संकोचणार नाहीत.